बटणचं माप

"उपाशी पोरीचंच रक्त लागतं म्हणे यांना. खाल्लेल्या पोरीचं काय पिवळं निघतं?"

सासूबाई माझ्या कानाशी लागून पुटपुटल्या. सकाळचे सव्वासात वाजले होते आणि हे त्यांचं तिसरं गाऱ्हाणं. पहिलं लिफ्टबद्दल झालं होतं. दुसरं हॉस्पिटलातल्या खुर्च्यांबद्दल. त्या म्हणे माणसाने बसावं म्हणून नव्हे, लवकर उठून जावं म्हणून केलेल्या असतात. मी "हं" म्हटलं. बावीस वर्षांच्या संसारात हा "हं" मी इतका वापरलाय की त्याला आता झिलई आलीय.

पलंगावर आमची बटण पाय सोडून बसली होती. शाळेच्या दप्तरात तिचं चांगलं पाच अक्षरी नाव आहे, पण आमचं घर शिवणकामाचं, आणि रांगायला लागल्यावर पोरीने पहिली तोंडात घातलेली वस्तू म्हणजे कोटाचं बटण. ते काढायला अख्खं दुकान धावलं होतं. तेव्हापासून बटण. आता दहा वर्षांची आहे. पलंगावरून तिचे पाय अधांतरी लोंबत होते, आणि सिस्टर तिच्या कोपरात शीर शोधत होती.

"सापडली गं बाई. लपाछपी खेळत होती," सिस्टर म्हणाली आणि सुई टोचून नळी बसवली.

बटणने डोळे मिटले, ओठ आवळले, पण रडली नाही. रडली तिची आई. ही माझी जाऊ, घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. तिने पटकन तोंड फिरवलं आणि पिशवीत नसलेली वस्तू शोधायला लागली. बटणचे बाबा, म्हणजे माझे धाकटे दीर, खिडकीशी उभे. सहा फुटाला दोन बोटं कमी, खिडकीची वरची कडी त्यांच्या कपाळाला लागत होती. माझे यजमान दुकानात थांबले होते. शाळा सुरू व्हायचे दिवस, गणवेशांची गर्दी.

आता तुम्ही विचाराल, दहा वर्षांची मुलगी सहा वर्षांची दिसते हे घरात कोणाला कळू नये? बरोबर आहे. मलाही कोणी सांगितलं असतं तर मीही नाक मुरडलं असतं.

पण जिथे कपडे विकत आणतात तिथे कपडेच बोंब मारतात. मागच्या वर्षीचा फ्रॉक गुडघ्यावर चढला की आई म्हणते, काय गं ताडासारखी वाढतेस. आणि तोच फ्रॉक तीन वर्षं बेतात बसला तर त्याचीही कुठेतरी नोंद होते. आमच्याकडे बटणचा कपडा जुना व्हायच्या आत नवा शिवून तयार. कटिंगचं टेबल माझं. शिकवलं कोणी नाही. जुने कपडे उसवून उसवून शिकले. गणवेशाचे पुठ्ठ्याचे साचे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असतात, बावीस नंबर, चोवीस, सव्वीस. घरच्या पोरीला मापाला उभी कोण करतं? आपली पोर, आपला डोळा. हात आपोआप साच्याकडे जायचा. तीन वर्षं माझा हात बाविसाकडेच गेला आणि डोळ्याने हाताला एकदाही हटकलं नाही. कपडा नवा, कापड कडक, इस्त्री ताजी, पोरीला बसतोय झकास. मग काय! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच.

यंदा शाळेने गणवेशाचा नमुना बदलला आणि मापं घ्यायला मी स्वतः वर्गात गेले. बटणच्या वर्गातल्या मुली रांगेने येत होत्या. मी टेप लावायची, आकडा लिहायची. शेवटी बटण आली. तिलाही लावला, आकडा लिहिला, आणि पेन तिथेच थांबलं. वरचे सगळे आकडे एका वस्तीतले होते, हा एकटाच गावाबाहेर. तसे आकडे मी आदल्या दिवशी पहिलीच्या वर्गात लिहून आले होते. "तुमच्याच घरची ना ही?" वर्गाच्या बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं आणि वही मिटली.

तिथून डॉक्टर, हाताचा एक्स-रे, रक्ताच्या बाटल्या, आणि आजचा दिवस. दिवसभराची चाचणी. आधी एक इंजेक्शन, मग दर अर्ध्या तासाने रक्त.

धाकटीने या सगळ्याचं खापर आधीच स्वतःच्या डोक्यावर फोडून ठेवलं होतं. ती स्वतः चार फूट दहा इंच. बटण चालायला लागल्यापासून सासूबाईंचं एक वाक्य घरात घड्याळाच्या ठोक्यासारखं वाजत आलंय, "आईवर गेलीय." कधी लाडाने, कधी चिमटा काढून. पाहुणे आले की जरा मोठ्याने. धाकटी हसून सोडून द्यायची आणि नंतर मागच्या खोलीत पोरीला दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावायची. दूध, अंडी, दोरीवरच्या उड्या, कोणीतरी सांगितलेल्या गोळ्या. काय काय केलं तिने.

पावणेआठला डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणंही आखूड. हातात फाईल. फाईलच्या पहिल्या पानावर आमचं घराणं काढलेलं होतं, मागच्या भेटीत भाऊजींनी सांगितलं तसं. बाईंना गोल, पुरुषांना चौकोन, मध्ये रेघा.

"एक रिपोर्ट आत्ता आला," त्या म्हणाल्या. "म्हणून पुन्हा विचारायला आले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. वाढीचं हार्मोन तिथून येतं. ते हिचं कमी पडतंय असा संशय आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याच ग्रंथीतून आणखीही हुकूम सुटतात. आजारपणात, उपाशी पोटी शरीराला धरून ठेवणारं एक हार्मोन आहे, त्याचाही हुकूम तिथलाच. त्याचा रिपोर्ट काठावर आलाय. चांगलाही म्हणवत नाही, वाईटही म्हणवत नाही."

"मग?" भाऊजींनी विचारलं.

"आजच्या इंजेक्शनने आम्ही रक्तातली साखर मुद्दाम खाली आणतो. शरीर धडधाकट असेल तर ते लगेच दोन्ही हार्मोन सोडतं, तीच मोजायची असतात. मी स्वतः शेजारी असते, ग्लुकोज भरून ठेवलेलं असतं. पण घरात पूर्वी असं कोणी असेल, वाढ खुंटलेलं, किंवा लहानपणी साध्या आजारात अचानक दगावलेलं, तर मी आज हे देणार नाही. आधी त्या दुसऱ्या हार्मोनचं औषध सुरू करीन, मग सावकाश वेगळ्या चाचण्या, जीनचीसुद्धा. कारण मग हिला साधा ताप आला तरी…" त्यांनी बटणकडे पाहिलं आणि वाक्य दुमडून ठेवलं.

"माझ्याकडूनच आलं असणार," धाकटी म्हणाली. "मी अशी आहे ना."

"तुम्ही चणीने लहान आहात, पण तुमची वाढ पूर्ण झालीय. हिच्या वाढीची रेघ तीन वर्षं आडवी पडलीय. हा तुमच्या उंचीचा प्रश्न नाही. ही ग्रंथी घडवणाऱ्या जीनमध्ये दोष असेल तर तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. बाप उंच आहे म्हणून सुटला असं नसतं. एखाद्याच्या अंगात तो जन्मभर गप्प बसतो आणि त्याच्या मुलीत बोलायला लागतो." त्यांनी पेनाने कागदावर टिचकी मारली. "आजी, तुम्हाला हे दोनच मुलगे?"

सासूबाईंनी मान हलवली. हो की नाही, कळू नये अशी.

"आणि इथे लिहिलंय, लहानपणी दगावलेलं कोणी नाही. बरोबर?"

"बरोबर," भाऊजी म्हणाले.

"साडेआठला सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या आणि गेल्या.

त्या कागदावरचं "नाही" खोटं होतं. खोलीतल्या तिघांना ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते धाकटीला, आणि ती पोरीची वेणी घालत बसली होती.

मला कळलं ते लग्नाच्या पहिल्या वर्षी. ट्रंकेत जुनं कापड शोधताना तळाशी एक फ्रॉक हाताला लागला. खालच्या दुमडीत चांगलं चार बोटं कापड राखून ठेवलेलं. मूल वाढलं की उसवून लांब करायला ठेवतात तसं. ते कधी उसवलंच नव्हतं, टाके शिवल्या दिवसाचे. मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "आमची बहीण. सगळ्यांत लहान. तापात गेली. आईसमोर विषय काढायचा नाही." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी फ्रॉक होता तसा घडी करून ठेवला. पुढे भाऊजींचं लग्न ठरताना सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "मुलीकडच्यांना सगळंच सांगायचं नसतं. तूही सांगू नकोस." मी तेव्हाही "हं" म्हटलं.

आठला पाच कमी होते. मी भाऊजींना खुणेने बाहेर बोलावलं. बाहेर लांबलचक व्हरांडा, ओल्या फरशीवर फिनेलचा वास, सफाईवाल्या बाई बादली सरकवत चाललेल्या.

"भाऊजी, सांगून टाका."

"काय सांगू?"

"उगाच वेड पांघरू नका."

"ती तापाने गेली, वहिनी. ताप कोणाला येत नाही? त्या काळी पोरं जायचीच."

"मग तेवढंच सांगा. तापाने गेली आणि एवढीशी होती. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते डॉक्टर बघतील. त्या शिकल्यात त्यासाठी."

"मला आठवतही नाही धड. मी दहा वर्षांचा होतो." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "शाळेतून यायचो ते तिला कडेवर घेऊन." मग हळूच म्हणाले, "सात वर्षांच्या पोरीला कोण कडेवर घेतं, वहिनी?"

त्यांचं उत्तर त्यांनीच दिलं होतं.

"चला तर मग."

"आणि आत जी बसलीय तिला काय सांगू? लग्नात लपवलं म्हणून? आई तिला दहा वर्षं म्हणतेय, तुझ्यावर गेली, तुझ्यावर गेली, आणि मी बाजूला बसून गुमान जेवतोय. कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने जेवलात त्याच."

"आईने शपथ घातलीय. दोघांनाही."

"मी काही शपथ घेतलेली नाही. मी सांगते."

"तुम्ही बाहेरून आलेल्या आहात," ते म्हणाले. बोलून गेले आणि मग जीभ चावली. "तसं नव्हतं म्हणायचं मला, वहिनी."

"तसंच म्हणायचं होतं. असू दे. साडेआठपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

मी आत आले. चेहरा दुकानातला ठेवला, गिऱ्हाइकाचा कोट एका बाहीने आखूड झाल्यावर ठेवतात तसा.

सासूबाई बटणच्या पायांशी बसल्या होत्या. एक हात पोरीच्या पावलावर.

"आजी, तुझा हात गार पडलाय."

"म्हातारीचा हात तो. गारच असायचा."

"काकू," बटण मला म्हणाली, "मी उंच झाले की फोटोत मागच्या रांगेत उभी राहणार. पुढच्या रांगेत सारखं हसावं लागतं. मागच्या मुली चक्क च्युइंगगम खातात, कोणाला दिसत नाही."

"बघा, कशासाठी वाढायचंय आमच्या राणीला," मी म्हटलं.

ती हसली, पण हसू अर्ध्यातच विझलं. "मला कसंतरी होतंय. भिंत हलतेय."

सिस्टर लगबगीने आली, बोटाला टोचून साखर बघितली. "अडुसष्ट. उपाशी आहे ना, चालायचंच. पडून राहा हं, बाळा." पण आकडा लिहून ती लगेच बाहेर गेली, आणि चालत नाही गेली, भरभर गेली.

"सकाळचं होतं हिला असं," धाकटी म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. "उठल्या उठल्या लटपटते. एक बिस्किट पोटात गेलं की खडखडीत. मला वाटायचं झोपेतून उठल्यामुळे. मागच्या तापात तर नुसती मान टाकून पडली होती दोन दिवस."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी बावीस वर्षं बघतेय. रागाचा, रुसव्याचा, विजयाचासुद्धा. हा नव्हता पाहिला. ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. बटणच्या पावलावरचा हात इतका आवळला गेला होता की नखं पांढरी झाली होती. सकाळपासूनची ती उपाशी पोरीची कुरकुर कुठून येत होती, ते मला तेव्हा उमगलं. मी उगाच हसले होते मनात.

"आई," मी हळू म्हटलं.

"गप्प बस."

"आई, वेळ नाही."

"गप्प बस म्हटलं ना!"

बटणने डोळे उघडले. "भांडू नका ना. मला त्रास होतो."

भाऊजी आत आले होते. दारापाशीच थांबले. धाकटी त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग सासूबाईंकडे. ती काही मूर्ख नाही. सर्वांच्या चेहऱ्यांवर एकच कुलूप बघून कोणालाही कळतं की आत काहीतरी आहे.

"काय झालंय?" तिने मला विचारलं. "ताई, काय आहे? डॉक्टर तुम्हाला वेगळं काही म्हणाल्या का? बटणला काही झालंय का आणि मलाच सांगत नाही?"

"काही नाही," भाऊजी म्हणाले.

ते "काही नाही" इतकं ओशाळं होतं की ते बोलल्यावर त्यांनी स्वतःच मान खाली घातली.

आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी डॉक्टर आल्या. मागे सिस्टर, हातात ट्रे. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज, बाजूला ग्लुकोजची मोठी सिरिंज, रिकाम्या नळ्या ओळीने, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली.

"साखर आधीच थोडी खाली दिसतेय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी बटणच्या कपाळावर हात ठेवला, नाडी पाहिली, आणि मग आम्हा सर्वांकडे एकेक करून पाहिलं. मापं घेताना मी माणसांकडे बघते तसं, कपड्याच्या आतलं बघायला. "मला घाई करायची नाही. शेवटचं विचारते. दोन्हीकडच्या घरांत, दूरचं जवळचं, कोणीही?"

भाऊजी खिडकीकडे वळले.

"माझ्या माहेरी कोणी नाही," धाकटी म्हणाली. "मी आईला फोन करून पुन्हा विचारलंय. माझ्याच बाजूचं असणार म्हणून सगळ्यांना विचारलं, मावश्यांना, आत्यांना. कोणी नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. सिस्टरने बटणच्या हातातल्या नळीचं टोपण काढलं. सिरिंज उचलली.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. वाक्य तयार होतं, व्हरांड्यातून येताना मी ते मनात चारदा कापून बेतून ठेवलं होतं, आणि आता त्याचं टोकच सापडेना. "यांच्या घरी," मी सुरू केलं, "म्हणजे आमच्या घरी…"

माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं. गार हात.

"तू नको सांगूस," सासूबाई म्हणाल्या. "तुझी नव्हती ती."

त्या उठल्या. उभं राहताना पलंगाचा दांडा धरावा लागला त्यांना. डॉक्टरांकडे बघेनात, फरशीकडे बघून बोलायला लागल्या, गिऱ्हाइकाला न पटणारा हिशेब सांगावा तशा सपाट आवाजात.

"मला दोनच नाहीत. तीन मुलं झाली. तिसरी मुलगी होती. सात वर्षांची होती, दिसायची चारची. सकाळी उठली की लटपटायची. काही खाल्लं की नीट व्हायची. मी म्हणायचे, खायला मिळावं म्हणून सोंगं करते. मग एकदा ताप आला. साधाच होता हो, नुसता कोमट. दोन दिवस उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, आई, मला उठवत नाही. मशीनवर कपडे पडले होते, गिऱ्हाईक यायचं होतं. मी म्हटलं, पडून राहा, नाटकं करू नकोस. काम उरकून गेले तर…"

सिस्टरने सिरिंज कधी ट्रेमध्ये ठेवली ते कोणाला कळलंही नाही. डॉक्टरांनी तिला खूण केली आणि तो ट्रे खोलीबाहेर गेला.

"आजी, बसा," डॉक्टर म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा होता. "तुमच्या हातून काही झालेलं नाही. तेव्हा कोणालाच कळलं नसतं."

सासूबाई बसल्या नाहीत. त्यांना अजून बोलायचं होतं, आणि ते डॉक्टरांशी नव्हतं. त्या धाकटीकडे वळल्या. धाकटी पोरीची अर्धी वेणी हातात धरून तशीच बसली होती, तोंड उघडं, डोळे कोरडे.

"आणि तू ऐक," सासूबाई म्हणाल्या. "ही तुझ्यावर नाही गेलेली. कधीच नव्हती. माझ्या पोरीवर गेलीय. ही चालायला लागली तेव्हापासून मला दिसत होतं."